पिच्चर बघा, पांढरी खणू नका

मार्च 2025 मधली गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल. 'छावा' नुकताच लागला होता. टॉकीज भरून वाहत होत्या. आणि रावेरच्या पलीकडे, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला, माणसं रात्री शेतं खणत होती. हातात बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या. काहींनी धातू शोधायची यंत्रंही आणली होती. रस्त्याच्या कामाची माती तिथल्या शेतात टाकली होती आणि तिच्यात जुनी नाणी निघाली अशी आवई उठली. त्यात पिच्चरमध्ये बुऱ्हाणपूरची लूट दाखवलेली. दोन्हींची गाठ पडली आणि गावंच्या गावं रात्रीची जागू लागली.

त्यांना हसू नका. ही माणसं आपल्यासारखीच. बुऱ्हाणपूर आज मध्यप्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशाची राजधानी तेच होतं. आपल्या पारावरही "पिच्चरमा दखाडेल शे ना!" असं म्हणून वाद मिटवणारे मी रोज बघतो.

आता थोडं शांत बसून विचार करा. मराठी फौजेनं बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर घाला घातला तो जानेवारी 1681 मध्ये. तीन दिवस लूट चालली आणि ती लूट मराठ्यांनी नेली. जी नेली ती शेतात कशी राहील? आणि बुऱ्हाणपूर राहिलं एकीकडे, असीरगड तिथून वीसेक किलोमीटरवर. एवढा एक प्रश्न घरातल्या कुणी विचारला असता तर रात्रीची झोप वाचली असती. शेतही वाचलं असतं. खणणारा पहाटे घरी जातो. खड्डे बुजवायचे असतात ते शेतमालकाला.

म्हणून आधी सोन्याचं बोलून घेऊ, मग पिच्चरचं.

नांगरताना, विहीर खोदताना, घराचा पाया घेताना जुनं नाणं, भांडं, मूर्ती निघाली तर पहिलं काम म्हणजे हात थांबवा. चिंच-मीठ लावून घासू नका. पितांबरी तर लावूच नका. वरचा थर गेला की त्यावरची अक्षरं जातात, आणि वाचता न येणारं नाणं म्हणजे नुसता धातू. ते कुठे सापडलं, किती खोल होतं, शेजारी काय होतं हे वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा. पोलीस पाटलाला, तलाठ्याला सांगा.

1878 सालापासून यासाठी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये वाचून तुम्ही हसाल, पण आकडा तोच आहे. लपवलं तर हक्क जातो आणि तुरुंगही होऊ शकतो. कळवलं तर हक्क बुडत नाही. त्या धनाला मालक निघाला नाही आणि आपसात वेगळं काही ठरलं नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा, अशी कायद्यातच सोय आहे. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर मोबदला द्यावा लागतो. सोनाराच्या भट्टीत टाकून तुम्हाला फक्त वजनाचे पैसे मिळतील, आणि रात्री दाराची कडी वाजली की छातीत धस्स होईल ते वेगळं.

कुणी बुवा येऊन "तुमच्या ओट्याखाली गुप्तधन आहे, पूजा घालावी लागेल" म्हणाला तर त्याला ओट्यावर बसूही देऊ नका. गुप्तधनाच्या नावानं चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहेत. असल्या पूजेच्या नादात लोकांनी बैल विकले, बायकोची पोत विकली. खड्ड्यातून निघाला तो मुरूम.

आता पांढरीचं. आपल्याकडे बहुतेक जुन्या गावांना एक पांढरी असते. नदीकाठचा उंचवटा, मऊ राखाडी माती, पावसानंतर वर आलेल्या खापऱ्या. आपल्या आज्यांनी धाब्यावर टाकायला तिथूनच माती आणली. टोपली-टोपलीनं आणली, ते चाललं. आता जेसीबी लागतो आणि ट्रॉल्या भरून माती शेतात जाते. एका उन्हाळ्यात टेकडी सपाट.

ती माती कसदार का असते, माहीत आहे? तिथे शेकडो वर्षं माणसं राहिली. चुलीची राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती, सगळं एकावर एक साचत गेलं. म्हणजे ती नुसती माती नाही, थर लावलेली दप्तरं आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. 1950 च्या दशकात तिथे म. ना. देशपांडे यांनी उत्खनन केलं आणि तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. समोरच्या काठावर टेकवाडे इथे पुरलेली माणसं सापडली. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तिथे 1954-55 मध्ये थापर यांनी असंच थरावर थर वाचत खाली जाऊन पाहिलं. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आता नंदुरबार. तापीकाठचं सावळदे हे एक साधं गाव. पण त्याचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं आहे, चार हजार वर्षांहून जुन्या. धुळे जिल्ह्यातल्या कवठे इथे त्याच लोकांची वस्ती डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदून काढली.

आणि पाटणे. चाळीसगावजवळचं. 1972-73 मध्ये साळी यांनी तिथे खोदकाम केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे. एका कवचाच्या तुकड्यावर तर रेघांची नक्षी कोरलेली. हे आज रात्री जेवताना पोरांना सांगा. चाळीसगाव तालुक्यात शहामृगं पळत होती आणि कुणीतरी बसून त्यांच्या अंड्यांचे मणी घासत होतं! यावर अजून एकही पिच्चर निघालेला नाही. निघाला असता तर आपण त्या गावाला जत्रेसारखी गर्दी केली असती.

पांढरीवरून माती नेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. कसासाठी शेणखत आहे, गाळ आहे. ग्रामसभेत विषय काढा. एक ठराव करा. मुलांना खापऱ्या दिसल्या तर बघू द्या, पण खणू देऊ नका. पिच्चर चुकीचा निघाला तर पुढच्या वर्षी कुणीतरी बरा काढेल. सपाट झालेली पांढरी कुणाच्या बापाला पुन्हा रचता येत नाही.

आता पिच्चर कसा बघायचा ते.

मी बघू नका म्हणणारा माणूस नाही. मला स्वतःला ढोल, हत्ती, तलवारी आवडतात. 1988 मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगलांचं 'भारत एक खोज' लागायचं तेव्हा मी रविवारची कामं त्याच्या वेळेवर लावायचो. त्याचे 53 भाग आहेत. घरात मोठा टीव्ही असेल तर पोरांसोबत पुन्हा बघा. संथ आहे, पण पोट भरतं.

पिच्चर सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी येते. कथेत कल्पनेचा आधार घेतला आहे, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं. आपण तेव्हा सीट शोधत असतो, किंवा पॉपकॉर्नच्या रांगेत असतो. पाच मिनिटं आधी जा आणि ती पाटी वाचा. पोराला मोठ्यानं वाचायला लावा. अख्ख्या पिच्चरमधला तो सगळ्यात खरा भाग असतो.

मग घरी आल्यावर एक खेळ खेळा. ताटापासून सुरुवात करा. प्राचीन काळाच्या पिच्चरमध्ये बाजार दाखवतात. त्यात लाल मिरचीचा ढीग दिसला तर पोरांनी ओरडायचं. मिरची पोर्तुगीज लोकांनी आणली, पाचशे वर्षांच्या आतबाहेरची. शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, पेरू, तंबाखू, सगळं अमेरिकेकडून आलेलं. वांगं, हळद, आलं मात्र इथलं, फार जुनं. म्हणजे सम्राट अशोकाला कुणी भरीत वाढलं असेल तर ते हिरव्या मिरचीशिवाय. आता हे भरीत म्हणायचं की नाही, ते जळगावकरांनी ठरवावं. शेवभाजीचा तर प्रश्नच नाही.

दुसरा खेळ कपड्यांचा. 2016 साली 'मोहेंजो दारो' आला होता, दिग्दर्शक गोवारीकरांचा. गोष्ट इसवीसनपूर्व 2016 ची. त्यातल्या पोशाखांवर आणि घोड्यांवर बरीच टीका झाली. अभ्यासक म्हणत होते की सिंधू संस्कृतीत घोड्याचा पुरावा हाच मोठा वादाचा विषय आहे. आपण मात्र टॉकीजमधून निघताना म्हणालो, "तेव्हा असंच असेल." त्याच सुमाराला आपल्या तापीकाठी माणसं मडक्यांवर बाणाची टोकं आणि मासे पकडायचे गळ रंगवत होती. ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरांना वाटलं असतं की इतिहास आपल्याही गावाला असतो.

कपडे खरे बघायचे तर अजिंठ्याला जा. तिथल्या भिंतीवरचा राजा अंगरखा घालत नाही. उघडं अंग, मोत्यांच्या माळा, उंच मुकुट, कमरेला झिरझिरीत वस्त्र. शिवलेले कपडे बरेचदा नोकरांच्या आणि परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की पुढचा प्रत्येक पिच्चर तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

अजिंठ्यावरूनच एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 मध्ये 'अजिंठा' नावाचा पिच्चर काढला. ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेवर. लेण्यांची चित्रं उतरवायला आलेला इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि स्थानिक मुलगी पारो, यांची प्रेमकहाणी. योगायोग असा की देसाई 2 ऑगस्ट 2023 ला गेले आणि महानोर दुसऱ्याच दिवशी, 3 ऑगस्टला.

आता यातलं पक्कं किती? गिल 1844 पासून चित्रं उतरवायच्या कामावर होता, हे पक्कं. पारो नावाची बाई होती, हेही पक्कं. अजिंठा गावात तिचं थडगं आहे. त्यावर तिचं नाव आहे, 1856 साल आहे आणि ती आपली लाडकी होती असं गिलनं कोरून ठेवलं आहे. एवढंच. ती काय बोलली, कशी नाचली, तिच्या घरचे किती रागावले, हे दगड सांगत नाही. ते कवीनं आणि दिग्दर्शकानं भरलं. भरणं त्यांचं कामच आहे, त्यात पाप नाही. फक्त दगडावरचं किती आणि गाण्यातलं किती, हे घरात एकदा वेगळं करून ठेवा. डाळ निवडतो तसं.

गिलच्या चित्रांचं पुढे काय झालं? वर्षानुवर्षं खपून काढलेली ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. पुढे ग्रिफिथ्स नावाच्या चित्रकारानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा चित्रं उतरवली, तर 1885 मध्ये त्यातलीही बरीच जळाली. नक्कल जळाली तरी पुन्हा काढता आली, कारण भिंत जागेवर होती. भिंतीला जपायचं ते यासाठी. गिल 1879 मध्ये गेला. त्याची कबर कुठे आहे ठाऊक आहे? आपल्या भुसावळात.

आणखी एक. सतरा नंबरच्या लेण्यात संस्कृत लेख कोरलेला आहे. ऋषीक देशाच्या मांडलिक राजाचा. हा ऋषीक म्हणजे आपला खान्देशाचा मुलूख, असं अभ्यासक मानतात. त्या राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला. त्या दुःखात राजाचं मन संसारातून उडालं आणि त्यानं दानधर्म केला, लेणी कोरवली. पंधराशे वर्षांपूर्वीचा, भावासाठी रडलेला माणूस. यात कल्पनेचं एक अक्षर नाही. पण त्या लेण्यात आपण उभं राहतो सेल्फीपुरते.

गोष्ट जुनी असली म्हणजे खरी असते असंही नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट तुम्हाला आजीनं सांगितली असेल. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, पाण्यात ठेवलेलं घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, चुकलेली वेळ. रडू येतं. पण ती गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, साल 1587. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला मात्र 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात आहे. नातवानं आजोबांच्या नावानं शाळा काढली! मला विचाराल तर मोत्यापेक्षा ही गोष्ट मोठी. एरंडोलकर आपल्या गावाला एकचक्रानगरी म्हणतात आणि पद्मालयाला भीम-बकासुराची जागा दाखवतात. बिहारातलं आराही तेच सांगतं. दोघांनी सुखानं सांगावं. श्रद्धा म्हणून सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तीच गोष्ट कोर्टातला पुरावा म्हणून पुढे केली की भांडण सुरू होतं.

भांडणाचं निघालंच आहे तर मोबाइलचंही बोलतो.

पिच्चरमधला दीड मिनिटाचा तुकडा कापून, वर लाल अक्षरात "हा इतिहास लपवला गेला" असं लिहून ग्रुपवर येतो. आता तर संगणकानं बनवलेले राजे-राण्यांचे फोटोही येतात. तुम्ही रागानं पुढे ढकलता. पुढे कुणीतरी त्यावर शिवी लिहितं. तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला नाव जातं ते तुमच्या पोराचं, ज्यानं पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला असतो. त्या तुकड्यातला नट तेव्हा कुठल्या तरी पार्टीत असतो. म्हणून राग आला की फोन पालथा ठेवा. चहा घ्या. दुसऱ्या दिवशी पुस्तकात बघा आणि तरीही पाठवावंसं वाटलं तर पाठवा. नव्वद टक्के वेळा वाटत नाही, हा माझा अनुभव.

आडनावांनाही जपा. 'छावा'त काही पात्रं फितूर दाखवली तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मोठ्यांचं ते मिटलं. पण वर्गात त्या आडनावाचं पोर असतं, त्याला बाकीची चिडवतात. तुमचं पोर चिडवणाऱ्यांत आहे का, ते विचारा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हिशोब चौथीतल्या मुलानं चुकता करायचा नसतो.

शेवटी घरातल्या ट्रंकेकडे बघा. माळ्यावर, देवघरामागे, जुन्या रुमालात बांधलेली मोडी कागदं असतील तर दिवाळीच्या साफसफाईत बंबात घालू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव पायपीट करत फिरले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. त्या घरांनी ती पत्रं जाळली असती तर 2019 चा 'पानिपत' कशावर निघाला असता? राजवाडे धुळ्यातच 31 डिसेंबर 1926 ला गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिरही तिथेच.

कागदांना लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा. मोडी वाचणारा माणूस गाठा. कदाचित ती नुसती बैलजोडीची कर्जपावती निघेल. निघू द्या. त्या काळी बैलाला काय किंमत होती हे कुठलाच पिच्चर सांगत नाही.

आणि येत्या सुट्टीत घरची भाकरी बांधून अजिंठ्याला जाऊन या. जळगावहून साठेक किलोमीटर, फर्दापूरपर्यंत एसटी आहे. फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका. दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं खरवडलेलं स्वतःचं नाव आणि तारीख आहे, 28 एप्रिल 1819. शिकारीला आला होता, लेणं दिसलं आणि बुद्धाच्या चित्रावरच नाव कोरून गेला. पोरांना ते दाखवा. त्यांच्या खिशात खिळा किंवा किल्ली असेल तर ती तुमच्या हातात घ्या.

सोमवारी मात्र जाऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात.